सगळ्या नवऱ्यांचं नाव वसंत

परवा जेवताना माझ्या नातीनं जाहीर केलं, की तिचा आवडता रॅपवाला बिघडला. मला वाटलं, दारूबिरू प्यायला लागला असेल. तसं नव्हतं, तो प्रसिद्ध झाला होता. पूर्वी म्हणे तो आपल्या चाळीतल्या नळावर गाणी रचायचा, समोर उभ्या माणसाचं नाव घेऊन जागच्या जागी यमकं जुळवायचा आणि त्याची सालटी काढायचा. आता मोठ्या कंपनीनं त्याला उचललं आहे आणि तो गाड्या, चष्मे आणि स्वतः, एवढ्या तीनच विषयांवर बोलतो. "आजोबा, सगळ्यांना आवडायला लागलं की कला मरतेच का हो?" तिनं मला विचारलं. सून म्हणाली, "आधी भात संपव."

मी माझा भात संपवला आणि हात धुवायला उठलो. रॅप मला कळत नाही. इतकं भराभर बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय असं मला वाटत राहतं. पण नातीचा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. बोईसर स्टेशनजवळ माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, वीसेक वर्षं. तेवढी वर्षं तो प्रश्न माझ्या काउंटरसमोरच्या स्टुलावर बसून होता आणि मी त्याला 'चहा घेणार का' एवढंच विचारत राहिलो.

मूळचा मी घाटावरचा, कऱ्हाडकडचा. सत्तरच्या दशकात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन म्हणून आलो. सरावलीत दोन खोल्या घेतल्या, मालतीला गावाहून आणलं. कारखाना बंद पडला तेव्हा परत जायची लाज वाटली म्हणून दुकान टाकलं. दुकानात दोन कामं असायची. एक म्हणजे लग्नकार्याला कर्णे, माईक आणि मशीन भाड्यानं देणं. दुसरं म्हणजे कॅसेट भरणं. आजच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. एका मशीनमध्ये मूळ कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी, आणि दोन्ही एकदम चालू करायची. एका तासाची कॅसेट भरायला एक तास लागायचा, घाई करून चालायचं नाही. भरून झाली की वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या खुट्ट्या स्क्रूड्रायव्हरनं मोडायच्या, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरू शकत नाही. आणि मुद्दाम भरायचंच असेल तर खुट्ट्यांच्या जागी पडलेल्या भोकांवर चिकटपट्टी लावायची. जगात कायमचं असं काही नसतं, हे मला त्या चिकटपट्टीनं शिकवलं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. वीज केंद्राच्या वसाहतीतली एक बाई नवऱ्याचं घोरणं भरून घेऊन आली होती. तो कबूल करत नाही, तर मोठ्या आवाजात कॉपी करून द्या म्हणाली. केमिकल कारखान्यातला एक उत्तरेकडचा कामगार दर दोन महिन्यांनी यायचा. त्याच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तो पत्राऐवजी कॅसेट पाठवायचा. मी त्याला माईक देऊन बाहेर जाऊन उभा राहायचो. एकदा बोलता बोलता तो रडला. बाहेर येऊन म्हणाला, "भाईसाब, रोना मिटा दो. बाकी सब ठीक है, उतना मिटा दो." मी तेवढं पुसून दिलं. पुसलेल्या जागी नुसती खरखर राहिली. पुढच्या खेपेला त्यानं सांगितलं, की आईनं उलट विचारलंय, मध्ये तू गप्प का झालास?

पण मला सांगायचंय ते हिराबायबद्दल.

हिराबाय दांडीची. दांडी म्हणजे तारापूरच्या किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. ती धवलारीण होती. तिकडच्या लग्नात भटजींच्या बरोबरीनं, खरं तर त्यांच्या आधीपासून, धवलारीण लागते. हळदीपासून वरात परत येईपर्यंत जे जे होतं ते ते ती गाण्यात सांगते, त्याला धवला म्हणतात. चाल जुनी, पण शब्द त्या त्या लग्नाचे. नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, मामाचं, आत्याचं, कोण रुसलं, कुणाच्या होडीला यंदा मासळी लागली, सगळं त्यात यायचं. मी कर्णे बांधायला आदल्या दिवशी जायचो तेव्हा हिराबाय त्या घराच्या ओट्यावर पान चघळत बसलेली असायची आणि येईल त्याची चौकशी करायची. मला वाटायचं, बाईला चांभारचौकशांची हौस आहे. दुसऱ्या दिवशी ते सगळं तिच्या तोंडून यमकात बाहेर पडायचं तेव्हा उलगडा व्हायचा.

आणि समोरच्या पक्षाचीही धवलारीण असायची. मग दोघींची जुंपायची. बेटेगावची पारूबाय आणि दांडीची हिराबाय समोरासमोर आल्या, की जेवणाची पंगत थांबायची. एका लग्नात पारूबायनं गायलं, की दांडीची माणसं एवढी खारट की नवरी गोड्या पाण्यात धुवून घ्यावी लागेल. हिराबायनं श्वासही न घेता उत्तर दिलं, की धुवा बाय धुवा, पण बेटेगावच्या विहिरीत धुवू नका, तिथं पाणी चैतातच आटतं आणि माणसं वैशाखात. सगळा मांडव लोटपोट झाला, पारूबायसुद्धा पदरात तोंड घालून हसली. संध्याकाळी दोघी एकाच ताटात जेवल्या. मी मशीनपाशी बसून हे बघत होतो आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला, की हे भरून ठेवलं पाहिजे.

हेतू चांगला होता, असं प्रत्येक जण म्हणतो. माझा निम्मा चांगला होता. निम्मा असा, की स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानात नसलेली कॅसेट माझ्याकडे असेल.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भर दुपारी हिराबायला एसटीनं दुकानात आणलं. शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज टेपमध्ये येतो. मालगाडी जाईपर्यंत थांबायचं हे तिला समजावलं. माईक तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "हं, हिराबाय, गा."

"कोनाचं लगीन हाय?" तिनं विचारलं.

"कुणाचंच नाही. कॅसेट भरायची आहे."

"मग मी गाऊ कोनाला?"

"नुसतं नवरदेव म्हणा, नवरी म्हणा. म्हणजे कुठल्याही लग्नात चालेल."

तिनं तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकलं, परत येऊन बसली आणि एखाद्या मठ्ठ मुलाला समजवावं तसं मला म्हणाली, "नावाबिगर धवला नाय लागत. नाव नाय घेतला तर देवाला कसा कलेल हलद कोनाला लागली ती? भलत्यालाच लागायची."

मी पुष्कळ समजावलं. ती हलेना. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, अर्धा तास वाया गेला होता. वैतागून म्हणालो, "मग माझं नाव घ्या. वसंत. आणि बायकोचं मालती. लावा आमचंच लग्न." मी गमतीनं बोललो. तिनं गमतीनं घेतलं नाही. म्हणाली, "बोलाव तिला."

मालतीला सरावलीहून बोलावून आणलं. पुढचा तासभर हिराबायनं तिची जी उलटतपासणी घेतली, तशी माझ्या सासऱ्यांनी माझीही घेतली नव्हती. लग्नात काय बिनसलं? नवरा पहिल्यांदा काय बोलला? सासू कशी? मालतीनं आधी लाजत, मग रंगात येऊन सगळं सांगितलं. माझी आई पहिल्यांदा बोईसरला आली तेव्हा बाजारातल्या सुक्या मासळीच्या वासानं तिला चक्कर आली होती, तेही सांगितलं. आमच्या लग्नात कुणी गायलं नव्हतं. बँड ठरवला होता, तो अक्षता पडल्यावर आला.

मग हिराबाय गायली. एका दमात, मालगाडीसुद्धा मध्ये आली नाही.

भरतीचा पानी उंबऱ्याला आयला,
वसंता नवरा मांडवी आयला.
तारेला तार जोडतो बाय,
मालतीला बघून थरथरतो काय?
वरमाय घाटाची, नाकाला पदर,
सुक्या बोंबलानं आयली चक्कर.

अशी अर्धा तास. मालती आधी हसली, मग रडली. मी माईकमागे उभा राहून आवाजाचा काटा बघायचं नाटक करत होतो. आमचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि मला वाटलं, आज लागलं. दुकानातला तो सर्वांत आनंदाचा दिवस. त्याच्यानंतर जे झालं त्यानं तो दिवस खोटा पडत नाही, हे मी स्वतःला सांगत असतो.

मी दहा-बारा प्रती भरल्या. ओळखीच्यांनी नेल्या, त्यांनी दुसऱ्यांना दिल्या. ज्या लग्नांना धवलारीण मिळायची नाही त्यांनी ती लावायला सुरुवात केली. मग मुंबईहून एक व्यापारी आला. त्याला ती बाजारात आणायची होती. नावं काढून पुन्हा भरू, असं तो म्हणाला. हिराबायनं साफ नकार दिला. तेव्हा त्यानं खांदे उडवले, माझ्याकडून मूळ टेप घेतली आणि तिच्यावरच बँजो आणि ढोलकी चढवली, चाल जराशी पळवली. वेष्टनावर हिराबायचा फोटो छापला, केसात एवढा मोठा गजरा माळून. आणि हा हा म्हणता ती कॅसेट सगळ्या किनारपट्टीवर पसरली.

तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक नवऱ्याचं नाव वसंत झालं.

हसू नका. नवरा उभा आहे सुरेश, नवरी आहे कमल, आणि कर्ण्यांतून 'वसंता नवरा मांडवी आयला'. ज्या घराच्या दारात बोंबील वाळत घालायची वलाण लागलीय, जिथं वरमाय स्वतः टोपली घेऊन बाजारात बसते, त्या घरात गाणं सांगतंय, की वरमायला बोंबलाच्या वासानं चक्कर आली. आणि वरमाय त्यावर नाचतेय! पहिल्या वर्षी लोक विचारायचे, "हा वसंता कोन रं?" कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवायचं. मी मशीनमागे तोंड लपवायचो. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही. चाल ओळखीची, ठेका चांगला, नाव काय का असेना. एका लग्नात कॅसेट अडकली तर नवऱ्याच्या बहिणींनी पुढचं सगळं पाठ म्हणून दाखवलं, वसंता-मालतीसकट.

मला याचं वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर तेव्हा फारसं नाही. दुकान चालत होतं. मालती म्हणायची, "तुमचं-माझं एवढ्या वेळा लग्न झालंय, आता घटस्फोटाला सात जन्म पुरायचे नाहीत." तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुठल्यातरी हळदीला ती कॅसेट, म्हणजे आता जे काही असतं ते, लागतं आणि तिचं नाव रस्त्यावर ऐकू येतं. मी थांबून ऐकतो. मला ते गाणं मनापासून आवडतं, आणि अडचण तीच आहे.

हिराबायलाही आवडलं होतं, हे सांगायला हवं. नाहीतर मी दुष्ट आणि ती बिचारी, असं सोपं चित्र तयार होईल. ती खूश होती. गणपतीत मंडळं तिला स्टेजवर बोलवायला लागली. ती फोटोसारखा गजरा माळून जायची. पालघरला एका कार्यक्रमाला मीच माईक लावला होता. तिनं मंडळाच्या अध्यक्षाची चौकशी करून त्याच्यावर दोन ओळी रचून आणल्या होत्या. त्या गायला लागली तर मागून पोरं ओरडली, "वसंता लाव, वसंता!" तिनं वसंता लावला. टाळ्या, शिट्ट्या. खाली उतरल्यावर मी म्हटलं, "हिराबाय, त्या दोन ओळी छान होत्या हो. पुऱ्या करायच्या होत्यात."

"लोक तेच मागतात रं," ती गजरा काढत म्हणाली. "लोकांना नाय बोलू काय?"

त्यानंतर तिनं चौकशा करणं सोडलं. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी कर्णे बांधायला जायचो आणि ओट्यावर कुणी बसलेलं नसायचं. लग्नाच्या दिवशी ती यायची, कॅसेटीबरोबर ओठ हलवायची, मानाचं लुगडं-नारळ घ्यायची. पुढं पुढं तेवढ्यासाठीही बोलावणं यायचं बंद झालं. कॅसेट होतीच की.

एका सकाळी पारूबाय दुकानात आली. बेटेगावची, ती नवरी धुवून घ्यावी म्हणणारी. अंगानं वाळली होती. मला वाटलं भांडायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "हिरीची ती पेटी लाव. हलूहलू लाव."

"हळूहळू लावता येत नाही, पारूबाय. काय हवंय?"

"पाठ करायची हाय. आमच्या गावात बी आता तीच मागतात. मी माजा लावते तर पोरी बोलतात, चुकला, चुकला."

मी कॅसेट लावली. दोन ओळी झाल्या की थांबवायचो, ती पुटपुटून घोकायची, मग पुढच्या दोन. जिनं भर मांडवात हिराबायला घाम फोडला होता ती बाई माझ्या बायकोचं नाव पाठ करत होती. 'सुक्या बोंबलानं आयली चक्कर' तिथं ती थांबली. "हिरी मोप हुशार," ती म्हणाली. "मना असा सुचला नसता." आणि हसली. तिला जाताना मी एक प्रत दिली. मला त्या दिवशी दुकानात बसवेना, दुपारी शटर ओढून घरी गेलो. मालतीनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, डोकं दुखतंय.

नव्वदीच्या मध्यावर हिराबायच्या नातीचं लग्न ठरलं. रंजू तिचं नाव. हिराबायनंच तिला वाढवलं होतं. रंजू वसाहतीतल्या औषधाच्या कारखान्यात गोळ्या भरायच्या कामावर होती. रोज सकाळी बसला जाण्याआधी आजीची रक्तदाबाची गोळी तिच्या हातावर ठेवायची, आजीनं ती गिळल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. नवरा नरेश, पालघरचा.

हिराबाय स्वतः माझ्या दुकानात आली. बरीच थकली होती, एका पायरीला दोनदा श्वास घेत होती. म्हणाली, "कर्णे बांध. माईक आन. पन कॅसेट नको आनू. रंजूचा धवला मी लावनार."

"आवाज पुरेल का?"

"म्हनून तर माईक आन बोलते."

आदल्या दिवशी कर्णे बांधायला गेलो तर ती ओट्यावर बसलेली होती. पान चघळत. पालघरहून आलेल्या नवऱ्याच्या मामाला पकडून तिनं त्याच्या सात पिढ्या विचारल्या. कितीतरी वर्षांनी मी ते बघत होतो. मी मुद्दाम वायर हळूहळू सोडवत बसलो. "काय रचलंत?" मी विचारलं. "उद्या आयक," ती म्हणाली. "तू बी पारखून घे, मी हाय का गेली ती."

कॅसेट मात्र मी पिशवीत टाकून नेली होती. धंद्याची सवय. माईक बिघडला तर, लाइट गेली आणि आली तर, असं काय काय मनात असतं. खोटं कशाला बोलू, तिचा आवाज फाटला तर हेही मनात होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी दहा-अकराला मांडव भरला. रंजू पाटावर बसली. नरेशकडून उष्टी हळद आली होती. हिराबाय तिच्या शेजारी बसली, माईक मी तिच्या हातात दिला. गाण्याची पद्धत अशी, की धवलारीण ओळ टाकते आणि मागच्या बायका ती उचलून परत म्हणतात. हिराबायनं डोळे मिटले आणि ओळ टाकली. आवाज बारीक झाला होता, पण सुटला नव्हता.

"भरतीचा पानी उंबऱ्याला आयला, नरेश नवरा मांडवी आयला."

बायकांनी ओळ उचलली: "वसंता नवरा मांडवी आयला!"

कुणी मुद्दाम केलं नाही. दहा-पंधरा वर्षं जे कानावर पडत होतं तेच तोंडातून आलं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या, जिभा चावल्या. हिराबायही हसली. तिनं पुन्हा ओळ टाकली, नरेश या शब्दावर जोर देऊन. यावेळी अर्ध्याजणी नरेश म्हणाल्या, अर्ध्या वसंता, आणि मधोमध सगळं कोसळलं. मागची पोरं टाळ्या पिटायला लागली. कुणीतरी ओरडलं, "आजी, चुकला! वसंता हाय!"

आजी चुकली. तिच्याच गाण्यात, तिच्याच नातीच्या नवऱ्याचं नाव घेताना.

तिनं तिसऱ्यांदा ओळ टाकायला तोंड उघडलं. मी बघत होतो. ती त्या नावापर्यंत आली, थांबली, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं, "वसंता." ती स्वतःच दचकली. मांडवात मात्र आनंदीआनंद झाला, सगळ्यांनी ओळ उचलली, एकसुरात, जोरात.

हिराबायनं माईक खाली ठेवला. रंजूकडे बघितलं. रंजूनं मान हलवली, असू दे आजी, अशी. मग हिराबायनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लाव."

"काय लावू?"

"आनलीस ना पिशवीत? लाव ती."

तिला कसं कळलं मला माहीत नाही. मी कॅसेट लावली. बँजो सुरू झाला, पोरं मांडवात उतरली, बायका कंबर कसून नाचायला लागल्या. चारी कर्ण्यांतून तरुण हिराबाय गात होती. माझ्या आईला चक्कर येत होती. मालतीही त्या लग्नाला आली होती, ती माझ्याकडे न बघता मांडवाबाहेर जाऊन उभी राहिली.

मी मशीनपाशी बसलो होतो, पाटापासून चार हातांवर. गर्दीतून मला दिसलं, की म्हातारी हिराबाय रंजूच्या कानाशी वाकली आहे. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं समजूत काढतेय. पण तिचा हात मांडीवर ठेका धरत होता, आणि तो ठेका बँजोचा नव्हता, त्याहून पुष्कळ सावकाश होता. ती धवला लावत होती. कुणी उचलायला नव्हतं, म्हणून तीच ओळ टाकत होती आणि तीच उचलत होती. हळद भलत्याला लागू नये म्हणून. रंजूच्या हळदीच्या गालांवरून पाणी चाललं होतं.

मी आवाजाचं बटण हळूच खाली आणलं. अगदी थोडं, मग अजून थोडं. चार कर्ण्यांच्या खालून तिचा आवाज मला ऐकू आला.

"गोल्यांच्या कंपनीत गोल्या ती भरते, आजीची गोली ती ध्यानात धरते. नरेशा बाबा, रंजूला माझ्या..."

"ओ वसंता!" मांडवातून कुणीतरी ओरडलं. "झोपलास काय? आवाज वाढव!"

सगळा मांडव माझ्याकडे वळून बघत होता. हिराबायनं वर बघितलं नाही, ती गातच होती.

मी आवाज वाढवला.